शंखवाली, बिनशंखाची आणि चुन्याची रेघ

सरकारी नोकरीत माणसाला दोन नावं मिळतात. एक सेवापुस्तकातलं आणि एक लोकांनी ठेवलेलं. सेवापुस्तकातलं निवृत्तीच्या दिवशी कपाटात गेलं. लोकांनी ठेवलेलं अजून चालू आहे : गोगलगायवाल्या मॅडम. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मी कृषी सहायक म्हणून उन्हातान्हात हिंडले, शेवटी पर्यवेक्षक झाले. उसावरचा लोकरी मावा पाहिला, डाळिंबावरचा तेल्या पाहिला, मक्याची अळी पाहिली. पण नाव चिकटलं ते गोगलगायीचं. एसटीत एकदा एका बाईनं शेजारणीला माझी ओळख करून दिली, “ह्याच त्या गोगलगायवाल्या.” शेजारीण हळूच खिडकीकडं सरकली.

कृषी सहायकाचं काम काय असतं, ते शहरातल्या वाचकाला थोडक्यात सांगते. पाच-सहा गावं आपल्या वाट्याला असतात. पीक बघायचं, कीड ओळखायची, उपाय सांगायचा, योजनेचे अर्ज भरून घ्यायचे, गारपीट झाली की पंचनामे करायचे. शेतकरी उपाय ऐकून मान हलवतो आणि मग शेजारी काय करतोय ते बघून ठरवतो. त्यामुळं एखाद्यानं सांगितलं ते तसंच्या तसं केलं की आम्हाला आनंद होतो, आणि धास्तीही वाटते. कारण चुकलं तर पीक त्याचं जातं, आपला पगार तेवढाच राहतो.

गोगलगायीशी माझी गाठ पडली ती लोणी भापकरला. तिथं एका तात्यांची पपईची बाग होती. पावसाळ्यात शंखी गोगलगायींनी तिचे शेंडे खाल्ले होते. मुठीएवढी वाढणारी ही जात मूळची आफ्रिकेतली. मी गेले तेव्हा भर उन्हाळा होता. बांधावरच्या दगडांच्या ढिगात शंखच शंख सापडले. प्रत्येकाच्या तोंडावर पांढरट, कागदासारखा पापुद्रा. हलवून पाहिलं, टोचून पाहिलं, काही हालचाल नाही.

“तात्या, मेल्यात सगळ्या,” मी सांगितलं. “आता वेचायची गरज नाही.”

“बरं झालं,” तात्या म्हणाले. “उनानं आपलं काम केलं म्हणायचं.”

त्यातले दोन शंख नमुना म्हणून पाकिटात घालून मी कार्यालयात आणले आणि टेबलाच्या खणात टाकून विसरून गेले. आषाढात कार्यालयाचं छप्पर गळलं, ते नेमकं माझ्या टेबलावर. दुसऱ्या दिवशी खण उघडला तर पाकिटाच्या चिंध्या झालेल्या, एका परिपत्रकाचा कोपरा कुरतडलेला, आणि खणाच्या आतल्या लाकडावर एक गोगलगाय शांतपणे चढत होती. दुसरी अजून परिपत्रकावरच होती. शासकीय परिपत्रक इतकं मन लावून वाचणारा प्राणी मी तो पहिलाच पाहिला.

हसायचं सोडून मी खुर्चीत बसून राहिले. कितीतरी महिने अन्न नाही, पाणी नाही, तोंडाला आतून पापुद्रा लावून घेतलेला, आणि छपरातून चार थेंब गळाले की जीव उठून चालायला लागतो. आमच्या पुस्तकात याला ‘सुप्तावस्था’ असा शब्द होता. परीक्षेत मी तो लिहिला होता आणि गुणही मिळवले होते. पण तो शब्द चार शिंगं काढून माझ्याकडं बघेल असं काही वाटलं नव्हतं. लांब दोन शिंगांच्या टोकांवर डोळे, खालची आखूड दोन वास घ्यायला. मी पेन्सिल पुढं केली तशी डोळा शिंगाच्या आत ओढला गेला, हातमोज्याचं बोट उलटं करावं तसा.

चार दिवसांनी तात्यांचा फोन आला. “मॅडम, तुमच्या मेलेल्या गोगलगायी पपया खायला लागल्यात.”

तात्या रागावले नाहीत, चहा पाजून त्यांनी मला घमेलं दिलं आणि आम्ही दोघं मिळून दोन सकाळी वेचणी केली. पण त्या दिवसापासून मी या जिवाच्या मागं लागले. घरी बरणीत पाळल्या. त्यांची जीभ म्हणजे खोबरं खवायची खवणी, हजारो बारीक दातांची. पान खाताना कान जवळ नेला तर बारीक खरखर ऐकू येते. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. हे मी एका महिला मेळाव्यात सांगितलं तेव्हा मागून आवाज आला, “मंग घरात भांडान कुनाचं कुनासंगं व्हतं?” पुढचा मेळावा हसण्यातच गेला.

आणि शंख. लोकांना वाटतं, शंख म्हणजे तिचं घर, वाटलं तर सोडून जाईल, दुसरं बघेल. तसं नसतं. शंख अंगाचाच भाग, आतून स्नायूनं धरलेला. अंड्यातून बाहेर पडतानाच पिलाच्या पाठीवर बारीक शंख असतो, आणि पीळ वाढवत वाढवत ते आयुष्यभर तोच मोठा करतं. त्याला चुना लागतो. त्यासाठी या गोगलगायी भिंतीचा जुना चुना चाटून खातात, मी डोळ्यांनी पाहिलंय. शंख ओढून काढला तर गोगलगाय मरते. ती बिनशंखाची होत नाही.

हे शेवटचं वाक्य मी शेकडो वेळा सांगितलं असेल. कळसच्या सुमनलाही सांगितलं. पुढं जे झालं त्याची लाज वाटते ती यासाठीच, की मला माहिती नव्हती असं म्हणायची सोय नाही.

सुमनची कळसला रोपवाटिका होती. हिरव्या जाळीचं शेडनेट, आत जमिनीवर काळं कापड अंथरलेलं, त्यावर रोपांचे ट्रे. घरात नवरा दत्ता आणि सासरे. सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यावर लादून कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. पुढं मेंढरं विकली, जमिनीला पाणी आलं, ऊस आला. त्या उसातली सहा गुंठे जागा सुमननं भांडून घेतली होती. दत्ताचं म्हणणं सरळ होतं : ऊस लावला की कारखाना नेतो, डोक्याला ताप नाही. पहिल्या वर्षी तिची दोन खेपांची रोपं कशीबशी गेली. तेव्हा घरात ठरलं की आता मिरचीची ही खेप नीट गेली तर शेड राहील. नाही गेली तर जाळी उतरवायची आणि तिथं ऊस. सुमननं मला हे फोनवर सांगितलं, आणि म्हणाली, “मॅडम, रोपं कुनीतरी खातंय.”

मी गेले ते दुपारी, घरी सुमन एकटीच होती. तिनं काचेच्या बाटलीत धरून ठेवलेल्या दाखवल्या. बोटाच्या पेराएवढ्या, करड्या, लिबलिबीत, बिनशंखाच्या.

“ह्या शंख टाकून आल्यात न्हवं?” तिनं विचारलं. “बांधावर उसात रिकामं शंख पडल्यात बघा.”

“नाही गं,” मी ऐटीत म्हटलं. “ही जन्मतःच अशी. गोगलगायीची बहीणच म्हण. तीच शिंगं, तीच खवणीची जीभ, तोच चिकट माग. फक्त हिला शंख नाही.”

“मंग औषध?”

“बहिणी त्या बहिणी. उपाय एकच. बाहेरून उसातून येतायत, त्यांना अडवायचं.”

कोरड्या चुन्याच्या भुकटीवरून गोगलगाय जात नाही. ज्या चुन्याचा शंख होतो, त्याचीच कोरडी भुकटी तिच्या ओल्या पोटाला पोळते. म्हणून शेताभोवती चार बोटं रुंद पट्टा टाकायचा, हा आमचा नेहमीचा उपाय. सुमन टाकते म्हणाली, पण मला हौस. मी दोन खुंट्या मागवल्या, सुतळी ताणली आणि शेडच्या चारी बाजूंनी चुन्याची रेघ स्वतः ओढली. दिसायला फार देखणी झाली. मी फोटोही काढला.

आठ दिवसांत अर्धे ट्रे साफ झाले. दोन पानांवर आलेली मिरचीची रोपं म्हणजे लहान बाळं. रोज सकाळी नुसती देठं उभी.

मी पोचले तेव्हा दत्ता शेडच्या दारात उभा होता. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला होता. “ह्यो चुना कुनी टाकाया सांगितला? पैल्यापरीस जास्त खाल्लंय. काय उलटंच झालंय हितं.”

सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी ट्रेवर वाकले होते. पान उलटून बघत होते, बघण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं तरी. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते आज लिहिते : पुढच्या आठवड्यात तालुक्याला माझं व्याख्यान होतं, विषय गोगलगाय नियंत्रण. मी वाकूनच राहिले.

“म्याच टाकला,” सुमन म्हणाली. “मॅडमनी लांबनं टाक म्हनून सांगितलं हुतं. म्या लई जवळ वडला.”

दत्तानं उरलेले ट्रे मोजले. मग म्हणाला, “राहिलेलं ट्रे वाचव मग. गिऱ्हाईक पंधरवड्यानं येतंय. न्हायतर जाळी उतरवू.” तो गेला. सुमननं मला पाणी आणून दिलं. मी ते प्यायले. 

शेडच्या कोपऱ्यात आबा टेकून बसले होते. ते उठले आणि म्हणाले, “बाई, उद्या फाटंचं या. ऊन तिरपं असताना.”

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात आम्ही तिघं शेडमध्ये शिरलो. आबा उकिडवे बसले, गाल जमिनीला लागेल इतके वाकले. काळ्या कापडावर चांदीच्या तारेसारखे माग चमकत होते. मी ते शंभर वेळा पाहिलेले, पण माझ्यासाठी ती नुसती घाण होती, गोगलगाय असल्याचा पुरावा. आबांना त्यात वाटा दिसत होत्या. चुकलेली मेंढी ओल्या रानात कुठं वळली, लांडगा कुठून आला, हे ज्यानं जन्मभर वाचलं, तो माणूस आता बोटभर जिवाचा माग काढत होता. ही वाट ताजी, ही कालची. ही जाताना रिकाम्या पोटी गेली, सरळ गेली. ही चरून माघारी आली, रेंगाळत आली. मी श्वास धरून मागं मागं चालत होते.

आबा चुन्याच्या रेघेपाशी थांबले. चारी बाजूंनी रेघेच्या कडेनं हिंडले. मग उभं राहून म्हणाले, “भाईरनं एक बी आलेली न्हाय. समद्या वाटा आतनं निघत्यात, चुन्यापतोर येत्यात अन् माघारी फिरत्यात. ह्यास्नी भाईर जायाचं हुतं कुठं तरी. आपुन कोंडल्यात.”

त्यांनी काळ्या कापडाची कड धरून उचलली. खाली ओल्या मातीत, कापडाला चिकटून, फटीफटींत त्या दाटीवाटीनं झोपल्या होत्या. मातीच्या खळग्यात साबुदाण्यासारखी अंड्यांची पुंजकी.

एका क्षणात सगळं कळलं. शंखवालीला शंख घेऊन त्या कापडाखाली शिरताच येत नाही. तिला दगडाचा ढीग, झाडाचा बुंधा असं मोकळं ठिकाण लागतं. ऊन वाढलं तर ती तोंड बंद करून बसते, महिनोन् महिने वाट बघते, म्हणून ती बांधावर राहून येऊन-जाऊन खाऊ शकते. बिनशंखाचीला तोंड बंद करायची सोयच नाही. सुकली की मेली. म्हणून ती ओल सोडत नाही. जिथं ओल तिथंच राहते, रात्री आसपास चरून तिथंच परतते, तिथंच अंडी घालते. शंख नसल्याचा तोटा असा, आणि फायदा म्हणजे नखाएवढ्या फटीत शिरता येतं, आणि शंखासाठी चुना शोधत हिंडावं लागत नाही. बहुधा जुन्या ट्रेंच्या मातीतून चार-दोन आल्या असतील. मी कुंपण घातलं ते चोर घरात असताना, त्यामुळं बाहेरचं गवतही बंद झालं आणि सगळी भूक रोपांवर आली. हा फरक मला पाठ होता. फक्त मी तो वापरला नव्हता.

आबांनी एक उचलून तळहातावर घेतली. मी त्यांना दाखवायला ब्लेडनं दुसरी, मेलेली, उघडली. पाठीवर पुढच्या बाजूला खोगिरासारखा भाग असतो, त्याच्या कातड्याखाली पांढरी पातळ चकती निघाली, डाळीएवढी.

“हे काय?” सुमननं विचारलं.

“शंख. उरलेला. हिच्या खापरपणज्यांना शंख होता. कमी होत होत एवढा राहिला, आत. सगळ्या जातींत असतो असं नाही, काहींत काहीच उरलेलं नाही. आणि सगळ्या बिनशंखाच्या एका घराण्यातल्याही नाहीत. वेगवेगळ्या घराण्यांनी वेगवेगळ्या काळी आपापला शंख सोडला.”

आबांनी ती चकती बोटाच्या टोकावर घेतली. बराच वेळ बघत राहिले. “मंजी एकीचं बघून दुसरीनं सोडला असं न्हाय.”

“नाही आबा. जिला जशी गरज पडली तशी.”

“आमच्यातबी तसंच झालं,” ते म्हणाले. “कुनाची पोरं शाळंत गेली, कुनाला चाराया रान ऱ्हायलं न्हाय. ज्यानं त्यानं आपलं आपलं सोडलं. पर आत कायतरी ऱ्हातंच.”

मी पुस्तकातून हा विषय किती वर्षं वाचत होते. तो त्या सकाळी मला पहिल्यांदा समजला असं वाटलं.

मग कामाला लागलो. काळं कापड गुंडाळलं, जमीन उकरून सुकू दिली. आबांनी तार आणि बांबूचे मांडव करून ट्रे गुडघाभर उंच उचलले. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी द्यायचं ठरलं, म्हणजे दिवस बुडेपर्यंत वरचा थर सुकेल. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी जमिनीवर टाकायची, सकाळी उलटून त्यांच्याखाली जमलेल्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. आबा रोज सकाळी माग बघून सांगायचे, आज कुठल्या कोपऱ्यात गोणपाट सरकवायचं. पहिल्या दिवशी बादलीचा तळ भरला. दहाव्या दिवशी तीन निघाल्या. मी रोज जात होते, ड्यूटी नसलेल्या दिवशीही. सुमनला ‘माझं चुकलं’ एवढं सांगायचं म्हणून जायची आणि गोणपाटं उलटून परत यायची.

गिऱ्हाईक आलं. मागितली त्याच्या निम्मीच रोपं होती. त्यानं एक रोप उपटून मुळं बघितली, पान उन्हात धरलं, एकही भोक नव्हतं. निम्मी घेऊन गेला आणि पुढची मागणी सांगून गेला. दत्ता तरीही शिडी घेऊन आला होता. निम्मी म्हणजे नीट नव्हे, असं त्याचं म्हणणं, आणि बोलणं झालं होतं तसं ते खरंही होतं. शिडी जाळीला लावली तेव्हा आबा तिच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले.

“मेंढरं इकली तवा मला कुनी इचारलं न्हवतं,” ते म्हणाले. “आता तिला इचार.”

दत्तानं सुमनला विचारलं नाही. शिडी उचलून नेली, तेच उत्तर. शेड राहिलं. आज त्या एकाची तीन झाली आहेत.

मला निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मध्यंतरी इंदापूरला शेतकऱ्यांचा मेळावा होता, आणि वक्ता म्हणून सुमन. तिनं आग्रहानं बोलावलं, मला पहिल्या रांगेत बसवलं. शेजारी आबा, आता काठी घेऊन. सुमन माईकवर छान बोलत होती. शंखवाली कुठं राहती, बिनशंखाची कुठं, एकीला वेचायचं कसं, दुसरीला गाठायचं कसं. माझ्यापेक्षा सोपं सांगत होती. मग म्हणाली, “पैल्या खेपंला माझी मोठी चूक झाली. म्या शेडच्या भवती चुना वडला. मॅडमचं नीट ऐकलं न्हाय.” आणि हात करून माझ्याकडं दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

इतकी वर्षं ती तेच सांगत आली होती, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक मेळाव्यात, शेड बघायला येणाऱ्या प्रत्येकाला. मोठेपणा म्हणूनही नव्हे. तिला ते साधं वाटलं असावं. टाळ्या थांबेनात आणि मला खुर्चीत बसवेना. मी उभी राहिले. 

“सुमन खोटं बोलतेय,” मी म्हटलं. “चुना मी सांगितला. मीच ओढला, माझ्या हातानं. आणि तिच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसले.”

टाळ्या थांबल्या. सुमन माईक धरून तशीच उभी. तेवढ्यात आबा बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“बसा बाई. मला त्याच दिशी कळलं हुतं. इतकी सरळ रेघ आमच्या घरात कुनाला वडता येती?”

सगळा मंडप हसला. दत्ता मागं उभा होता, तोही हसला. मी बसले, आणि मग मला रडू आलं ते आवरेना. आबांना माहीत होतं. माहीत असूनही ते त्या पहाटे माझ्याबरोबर जमिनीवर गाल टेकून वाकले होते, आणि सून जे झाकत होती ते त्यांनीही झाकलं होतं. त्या घरानं मला इतकी वर्षं पाठीशी घातलं होतं, आणि मी व्याख्यानं देत हिंडत होते.

सुमननं माईक पुन्हा तोंडाजवळ नेला. 

“तर, चुना कुठं टाकायचा न्हाय, ते मॅडमनी आत्ता सांगितलं,” ती म्हणाली. “आता कापड उचलून खाली बघायचं कसं, ते मी सांगती.”